लोखंडाची जात

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत 'भरमार' म्हणजे काय, हे कुणाला सांगावं लागत नाही. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे भरायचे, गजानं ठासायचे आणि मारायचं, म्हणून भरमार. हातात आलेल्या धानात रानडुकरं शिरली की माचाणावरच्या माणसाला तिचाच आधार वाटे. या बंदुकीचा इतिहास सांगताना राजे, लढाया, शिकारी यांची नावं येतात. मला आज बोलायचं आहे ते तिच्या नळीच्या लोखंडाबद्दल.

या मातीला लोखंड नवं नाही. चंद्रपूर जिल्ह्यात लोहारा नावाचं गावच आहे, आणि तिथलं खनिज जुन्या काळापासून प्रसिद्ध. मातीची लहान भट्टी, लाकडी कोळसा आणि भाता एवढ्या सामग्रीवर लोखंड काढलं जाई. भट्टीतून निघे तो सच्छिद्र गोळा. तो तापवून ठोकायचा आणि त्यातला मळ बाहेर काढायचा. कुऱ्हाड, विळा, बाणाचं टोक यांना ते लोखंड उत्तम. पण मळाची एखादी रेघ आत राहिली तर? कुऱ्हाडीचा टवका उडाला तर पुन्हा भट्टीत घालता येतो. बंदुकीची नळी मात्र माणसाच्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर आग कोंडून धरते. तिथं ती रेघ माफ होत नाही.

विलायतेतल्या कारागिरांनाही हा प्रश्न सुटला नव्हता. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, सांधून ते नळ्या घडवत. त्यावरची नक्षी पाहण्यासारखी असे. काळ्या दारूला त्या नळ्या पुरल्या. १८८४मध्ये फ्रान्समध्ये बिनधुराची दारू निघाली. तिचा दाब निराळा, जोर जास्त. कालपर्यंत भरवशाची असलेली नळी तिच्यापुढं धोक्याची ठरली. लोखंड तेच होतं, त्याच्याकडून मागितलेलं काम बदललं होतं.

म्हणून तिकडं नळीच्या परीक्षेची रीत होती. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७मध्ये सनद मिळाली. बर्मिंगहॅमला १८१३मध्ये परीक्षागृह निघालं. नेहमीपेक्षा जास्त दारू भरून नळी उडवायची. टिकली तर शिक्का, नाहीतर मोडीत.

आपल्याकडं काय झालं? १८५८मध्ये या जंगलात बाबूराव शेडमाके यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याला फाशी झाली. पुढं १८७८चा हत्यारांचा कायदा आला. हिंदी माणसाला परवाना हवा, गोऱ्यांना सूट. परवाना नसलेली बंदूक गवताच्या शाकारणीत गेली. स्वातंत्र्यानंतर १९५९च्या कायद्यानं पिकाच्या राखणीसाठी भरमारीच्या परवान्याची वाट ठेवली. पण कचेरीपर्यंतची वाट प्रत्येक पाड्याला जवळची नव्हती.

आणि लपवलेल्या वस्तूची परीक्षा होत नाही. हाती लागेल त्या नळकांड्यावर भरवसा ठेवायचा, आणि ते फाटलं की बोटं गेली, डोळा गेला. जखम बांधायला दवाखान्यात जावं, तर कुणी विचारील ही भीती. शिकाऱ्याच्या फुशारकीच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकल्या. फाटलेल्या नळीमागचा माणूस मात्र गप्पच राहिला.

धातूला सोबतही जुळावी लागते, हे याच मातीनं आणखी एकदा दाखवलं. १८८२मध्ये जमशेटजी टाटांच्या वाचनात फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा चांद्याच्या लोखंडावरचा अहवाल आला. लोहाऱ्याचं खनिज अव्वल, पण वरोऱ्याचा कोळसा पोलादाच्या भट्टीला चालेना. १९०७ साली टाटांची पोलाद कंपनी स्थापन झाली आणि कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला उभा राहिला. चांद्याचं लोखंड डोंगरातच राहिलं.

आता सुरजागडच्या डोंगरातलं खनिज मालमोटारींतून बाहेर जातं. गडचिरोलीतले गावकरी पोलिसांच्या आवाहनानंतर भरमारी आणून जमा करतात. आणि गावचा लोहार मालमोटारीची मोडकी कमानपट्टी तापवून तिचा विळा करतो. ती पट्टी नेमकी त्याच कामाची, हे तो ठोक्याच्या आवाजावरून ओळखतो. बंदुकीच्या नळीनं त्याच्याकडं असली ओळख मागितली, आणि ती त्याच्याजवळ नव्हती. त्याची किंमत दुसऱ्याच कुणाच्या तरी हातानं मोजली.