मोटारीतील अधूनमधून प्रकटणाऱ्या दोषांचे निदान : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :

तंत्रज्ञानाच्या इतिहासलेखनात शोधांना आणि शोधकांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे बिघाडांना व ते दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना मिळालेले नाही. वस्तुतः यंत्राचे आयुष्य कारखान्यात थोडे आणि रस्त्यावर व गॅरेजमध्ये अधिक जाते. त्यातही जो दोष कायम टिकून राहतो तो शोधणे तुलनेने सोपे असते. खरी परीक्षा असते ती अधूनमधून प्रकटणाऱ्या दोषाची. जुनी झालेली गाडी घाट चढताना अचानक एकाच गिअरमध्ये अडकते, फलकावरील दिवा लागतो, पाच मिनिटे बंद करून पुन्हा सुरू केली की सर्व काही सुरळीत चालते. आणि गॅरेजमध्ये नेल्यावर तर दोषाचा मागमूसही राहत नाही. वैद्याच्या दारात पाऊल ठेवताच दुखणे थांबावे, तसा हा प्रकार आहे. अशा दोषांच्या निदानाची पद्धती कशी घडली आणि त्या निदानाचे साधन कोणाच्या हाती राहिले, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तेल, दाब आणि कान :

अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने १९४० च्या ओल्डस्मोबिल मोटारींसाठी 'हायड्रा-मॅटिक' हा स्वयंचलित गिअरबॉक्स उपलब्ध करून दिला. मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेला हा पहिला पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स मानला जातो. त्यातील सर्व निर्णय तेलाचा दाब, स्प्रिंगा आणि झडपा यांच्या साहाय्याने होत असत. साहजिकच निदानही त्याच भाषेत होई. तेलाचा रंग काळवंडला आहे काय, त्याला जळका वास येतो काय, दाबमापकाचा काटा कोठे थरथरतो, गिअर बदलताना धक्का बसतो की इंजिन नुसतेच घोंगावते, यांवरून जाणकार मिस्त्री दोषाचे स्थान सांगत असे. अधूनमधून येणारे दोष तेव्हाही होतेच. झडपेत कचरा अडकला की ती कधी चिकटे, कधी सुटे. मात्र गिअरबॉक्स उघडल्यावर तो कचरा डोळ्यांना दिसे. दोष आपली खूण मागे ठेवून जात असे, हा त्या काळाचा मोठा दिलासा होता.

पुढे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आल्यावर ही खूण पुसली गेली. बॉश कंपनीची 'डी-जेट्रॉनिक' ही इंधन अंतःक्षेपण प्रणाली १९६७ साली फोक्सवॅगनच्या १६०० श्रेणीतील मोटारींत आली. १९७१ साली त्याच फोक्सवॅगनने मोटारीत एक मध्यवर्ती खोबणी बसवून ती कार्यशाळेतील संगणकाला जोडण्याची पद्धत सुरू केली. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. हा संगणक मोटारीत नसून कार्यशाळेत, तोही कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याच्या कार्यशाळेत होता. गाडी त्याच्यापुढे उभी असेल त्या क्षणापुरतेच त्याचे ज्ञान मर्यादित होते. काल संध्याकाळी घाटात काय घडले, हे सांगण्याची सोय त्यात नव्हती.

धुरक्यातून जन्मलेली निदानव्यवस्था :

मोटारीला स्वतःची स्मृती मिळाली ती दुरुस्तीच्या सोयीसाठी नव्हे, तर हवेच्या शुद्धतेसाठी. लॉस एंजेलिस शहरावरील धुरक्याचा उगम वाहनांच्या व उद्योगांच्या उत्सर्जनात आहे, हे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले. १९६७ साली कॅलिफोर्नियात हवा संसाधन मंडळ स्थापन झाले आणि १९७० साली अमेरिकेत स्वच्छ हवा कायद्याने वाहनांवर कडक मर्यादा आल्या. या मर्यादा पाळण्यासाठी १९८० च्या सुमारास इंजिनाचे नियंत्रण संगणकाकडे गेले. जनरल मोटर्सच्या गाड्यांत फलकाखालील दोन टोके तारेने जोडली की 'चेक इंजिन'चा दिवा लुकलुके. त्या उघडझापीची मोजदाद करून मेकॅनिक दोषसंकेत वाचत असे.

कॅलिफोर्नियाने १९८८ पासून गाडीतच निदानव्यवस्था असणे बंधनकारक केले आणि १९९६ पासून संपूर्ण अमेरिकेत तिची दुसरी, प्रमाणित आवृत्ती म्हणजे 'ओ.बी.डी.-२' लागू झाली. सोळा टोकांची एकच खोबणी, समान संकेतभाषा आणि दोषसमयीच्या स्थितीची नोंद, ही तिची वैशिष्ट्ये होत. गिअरबॉक्सच्या नियंत्रकाने दोष कळविला की सर्व कंपन्यांच्या गाड्यांत 'पी०७००' हाच संकेत उमटू लागला.

परंतु ज्या हेतूने ही व्यवस्था जन्मली, त्या हेतूनेच तिच्या दृष्टीची मर्यादाही ठरविली. अनेक दोषांच्या बाबतीत लागोपाठ दोन फेऱ्यांत दोष आढळला तरच दिवा लागतो. उत्सर्जनावर देखरेख ठेवणाऱ्या बऱ्याच चाचण्यांत विहित मर्यादेच्या सुमारे दीडपट उत्सर्जन ही दोषाची सीमा धरली जाते. पुढील तीन फेऱ्या निर्दोष गेल्या की दिवा विझतो आणि इंजिन तापण्या-निवण्याची चाळीस आवर्तने झाल्यावर सामान्यतः नोंदही पुसली जाते. हवा सरासरीने शुद्ध राहावी, यासाठी हे नियम योग्यच होते. पण आठवड्यातून एकदा क्षणभर तुटणाऱ्या तारेला सरासरी नसते.

न सापडणारा दोष :

संकेत वाचणे म्हणजे निदान करणे नव्हे, हे समजायला उद्योगाला बराच काळ लागला. वेगसंवेदकाचा संकेत उमटला की संवेदक बदलायचा, तरीही दोष राहिला तर नियंत्रक बदलायचा, अशी महागडी रीत रूढ झाली. प्रत्यक्षात 'वेगसंवेदकाचा संदेश मिळाला नाही' एवढाच त्या संकेताचा अर्थ असतो. संदेश का मिळाला नाही, याची कारणे संवेदक, तार, कनेक्टर, अर्थिंग आणि नियंत्रक यांपैकी कोठेही असू शकतात.

साधे गणित पाहावे. जुन्या तारेतील बहुतेक धागे तुटून किंवा अर्थिंगच्या बोल्टवर गंज चढून ०.२ ओहमचा रोध निर्माण झाला, असे समजू. बहुमापकाच्या स्वतःच्या तारांचा रोधही साधारण तेवढाच असल्याने मापनात दोष दिसणार नाही. परंतु त्याच मार्गाने १० अँपिअर प्रवाह गेला की २ व्होल्ट तेथेच खर्ची पडतात. पंखा, दिवे आणि वातानुकूलन एकदम चालू असताना नियंत्रकाला अपुरा दाब मिळतो आणि तो भलतेच संकेत नोंदवतो. म्हणूनच जाणते मेकॅनिक रोध मोजण्याऐवजी भार चालू ठेवून दाबातील घट मोजतात, वायरिंगचा जुडगा हलवून पाहतात, संशयित भाग मुद्दाम तापवतात किंवा थंड करतात. दोष येण्याची वाट न पाहता तो घडवून आणणे, हे या पद्धतीचे सूत्र होय.

मर्सिडीझच्या १९९६ पासून वापरात आलेल्या पाच गतींच्या '७२२.६' या गिअरबॉक्सचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. त्याच्या बाजूला असलेल्या विद्युत जोडणीतील रबरी कडी कडक झाली की तेल झिरपते. ते तारांच्या आतून केशाकर्षणाने वर चढत थेट नियंत्रकापर्यंत पोहोचू शकते. गिअरबॉक्सच्या आतील विद्युत पट्टीवरचे वेगसंवेदकही वयोमानाने तापल्यावर दगा देतात. दोन्ही प्रसंगी गाडी आपत्कालीन अवस्थेत जाते आणि इंजिन बंद करून पुन्हा सुरू केल्यावर पुढे जाण्यासाठी केवळ दुसरा गिअर उपलब्ध ठेवते. अल्प किमतीच्या रबरी कडीपायी संपूर्ण गिअरबॉक्स निकामी ठरविला जाणे, ही चुकीच्या निदानाची किंमत आहे.

दोष न सापडणे म्हणजे दोष नसणे, असा अर्थ काढण्याचे सामर्थ्य ज्याच्याकडे असते, त्याच्या विरुद्ध सामान्य ग्राहक दुबळा ठरतो. फोर्ड कंपनीच्या प्रज्वलन मोड्यूलविषयीचा अमेरिकेतील खटला याची साक्ष देतो. १९८० च्या दशकातील अनेक मोटारींत हे मोड्यूल डिस्ट्रिब्यूटरवरच बसविलेले होते. ते तापले की इंजिन धावत्या गाडीत बंद पडे; निवल्यावर पुन्हा सुरू होई. २००० साली कॅलिफोर्नियातील न्यायाधीशांनी कंपनीविरुद्ध निर्णय दिला आणि २००१ साली प्रकरण तडजोडीने मिटले. टोयोटाच्या अनियंत्रित वेगवाढीच्या तक्रारींची चौकशी करताना 'नासा'च्या अभियंत्यांना २०११ च्या अहवालात मोठ्या वेगवाढीचे इलेक्ट्रॉनिक कारण सिद्ध करता आले नाही. मात्र एका परत आलेल्या पेडल संवेदकात कथिलाचे केसाएवढे बारीक तंतू वाढून दोन टोके जोडली गेल्याचे त्यांना आढळले. उघड्या डोळ्यांना न दिसणाऱ्या कारणांचा पल्ला यावरून ध्यानात येतो.

भारतीय गॅरेज आणि बंद खोबणी :

भारतात हे स्थित्यंतर उशिरा आणि घाईने आले. कुर्ल्याच्या कारखान्यातील प्रीमियर पद्मिनी किंवा सुरुवातीची मारुती ८०० दुरुस्त करताना पान्हे, स्क्रू-ड्रायव्हर आणि तयार कान एवढी सामग्री पुरत असे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९ मधील आदेशानंतर दिल्ली परिसरात युरो निकष लागू झाले आणि कार्बोरेटर मागे पडू लागला. भारत स्टेज-४ बरोबर एप्रिल २०१० पासून निदानव्यवस्थेचा पहिला आणि एप्रिल २०१३ पासून दुसरा टप्पा आला. २०१४ साली मारुती सेलेरिओतून स्वस्त स्वयंचलित गिअर लहान मोटारींत पोहोचला. म्हणजे वडिलांच्या हाताखाली कार्बोरेटर शिकलेल्या मेकॅनिकपुढे एका पिढीच्या आत संवेदक, संदेशजाल आणि सॉफ्टवेअर येऊन उभे राहिले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत न गेलेल्या या वर्गाच्या ज्ञानाची नोंद कोणत्याही अभिलेखागारात नाही, ही इतिहासाभ्यासकाची अडचणही येथे नमूद करावयास हवी.

त्याची अडचण केवळ शिक्षणाची नव्हती. उत्सर्जनाशी निगडित संकेत कायद्याने खुले झाले. परंतु गिअरबॉक्स, ब्रेक आणि संदेशजाल यांचे सविस्तर संकेत व चाचण्या बहुतांशी कंपन्यांच्या स्वतःच्या उपकरणांपुरत्याच राहिल्या. अमेरिकेत १९९० च्या कायदादुरुस्तीने उत्सर्जनविषयक दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना देणे बंधनकारक केले होते. मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ साली ही कक्षा सर्वसाधारण दुरुस्तीपर्यंत वाढविली. भारतात या प्रश्नाला स्पर्धा कायद्यातून वाट मिळाली. सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र दुरुस्तीकारांना न देणे स्पर्धाविरोधी आहे, असे ठरवून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना एकूण २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड केला. हा आदेश वरच्या न्यायासनांपुढे आव्हानित झाला. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली. तिच्या चार क्षेत्रांत मोटारींचा समावेश होता.

दरम्यान गॅरेजवाल्यांनी आपली वाट शोधली. काही शे रुपयांचे ब्लूटूथ जोडयंत्र खोबणीत बसवून मोबाईलवर इंजिनाचे संकेत वाचता येतात. 'पी०७००' त्यावर दिसतो. त्यामागील नेमका संकेत गिअरबॉक्सच्या नियंत्रकात असतो आणि तो पुष्कळदा या जोडयंत्राला उघडत नाही. मग मेकॅनिक मालकाला शेजारी बसवून गाडी घाटात नेतो, इंजिन तापू देतो आणि बॅटरी ते नियंत्रक या मार्गावर बहुमापकाच्या तारा लावून काटा केव्हा पडतो याची वाट पाहतो.