खोडलं, पण पुसलं नाही

मागच्या आठवड्यात मेल सर्व्हरचा कोड चाळताना 'एक्सपंज' ही कमांड पुन्हा भेटली. आयमॅपमध्ये मेल 'डिलीट' केली की तिच्यावर नुसती खूण होते. ती खरोखर जाते 'एक्सपंज' म्हटल्यावर. एवढा भारदस्त शब्द इथे कुठून आला म्हणून शोधायला गेलो, तर त्याचा इतिहास बरोब्बर उलटा निघाला.

मूळ लॅटिन 'पुंगेरे', म्हणजे टोचणे. (आपलं पंक्चर याच घराण्यातलं, बरं का!) मध्ययुगात युरोपात हाताने पोथ्या लिहिताना एखादं अक्षर चुकलं की लेखनिक त्याच्याखाली टिंब द्यायचे. टिंब दिसलं की वाचणाऱ्याने ते अक्षर सोडून पुढे जायचं. अक्षर मात्र तिथेच! मराठीत सांगायचं तर हे पुसणं नव्हे, खोडणं. पाटीवरचं आपण पुसतो, वहीतलं खोडतो.

याच शब्दावरून अमेरिकेच्या सिनेटमध्ये जवळजवळ तीन वर्षं भांडण चाललं. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनने 1833 मध्ये बँक ऑफ द युनायटेड स्टेट्समधल्या सरकारी ठेवी हलवायला लावल्या. हेन्री क्ले भडकला, आणि 28 मार्च 1834 ला सिनेटने 26 विरुद्ध 20 मतांनी जॅक्सनवर ठपका ठेवला. जॅक्सनचा पाठीराखा थॉमस हार्ट बेंटन मग हट्टालाच पेटला. ठराव नुसता रद्द नको, इतिवृत्तातून एक्सपंज करा! विरोधकांचं म्हणणं मला तरी बिनतोड वाटतं. सभागृहाने इतिवृत्त ठेवावं असं राज्यघटनाच सांगते. त्यातलं नावडतं पान खोडलं, तर ते 'ठेवलं' असं कसं म्हणायचं?

पण तोवर बहुमत बेंटनकडे आलं होतं. 16 जानेवारी 1837. बैठक रात्री उशिरापर्यंत लांबणार हे ओळखून त्याने आपल्या माणसांसाठी हॅम, टर्की, वाइन, कॉफी अशी जय्यत सोय करून ठेवलेली. (रिलीजच्या रात्रीचा पिझ्झा आठवला.) क्ले काळे कपडे घालून आला. निकाल 24 विरुद्ध 19. सचिवाने 1834 चं हस्तलिखित इतिवृत्त काढलं, ठरावाभोवती काळ्या रेघांची चौकट आखली आणि मजकुरावरच लिहिलं, की सिनेटच्या आदेशाने हे एक्सपंज केलं आहे. चौकटीतला ठपका आजही वाचता येतो.

आपल्या लोकसभेत नियम 380 नुसार अध्यक्ष असंसदीय किंवा बदनामीकारक शब्द कामकाजातून काढून टाकायला सांगू शकतात. त्याजागी छापील कामकाजात तारका येतात आणि खाली तळटीप. इथे शब्द गेला, खूण तेवढी राहिली.

आणि आयमॅप? तिथे एक्सपंज केलं की पुढच्या सगळ्या मेलचे क्रमांक एकेकाने वर सरकतात. मधे काही होतं त्याची जागासुद्धा उरत नाही. फक्त यूआयडीच्या रांगेत एक आकडा गळलेला असतो, तोही कुणी बघायला गेलं तर.