डबा गावाकडे, मी पुण्यात

तर मंडळी, शनिवारची दुपार आहे, प्रॉडक्शनमध्ये आज काही पेटलेलं नाही आणि मॅनेजरचा फोनही आलेला नाही. म्हणजे ब्लॉग लिहायला हरकत नाही :)

आधी एक खुलासा. गोरेगाव म्हटलं की हापिसातले मित्र लगेच फिल्मसिटी, आरे कॉलनी वगैरे सुरू करतात. आमचं गोरेगाव ते नव्हे. आमचं हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं.

गेल्या महिन्यात अण्णा (म्हणजे माझे वडील) माझ्याकडे राहायला आले. संध्याकाळी त्यांना त्यांची मालिका बघायची होती. माझ्याकडे टीव्ही नाही, फक्त लॅपटॉप आणि फोन. गावाकडच्या डिश कनेक्शनच्या ॲपमध्ये त्यांचा नंबर टाकून पाहिला. अर्धी चॅनेलं दिसली, अण्णांचं नेमकं दिसेना. "हे चॅनेल फक्त टीव्हीवर उपलब्ध आहे" असा निरोप. अण्णा म्हणाले, "पैसे तर आपणच भरायलोत की. डबा गावाकडं रिकामाच चालू आहे. मग मी कुठं बसून पाहायचं ते हे कोण सांगणार?"

प्रश्न साधा वाटला, म्हणून दोन-तीन विकांत वाचत बसलो. तेव्हा कळलं की ह्याच प्रश्नावर जगभरच्या कोर्टांनी चाळीस वर्षं डोकं खाजवलंय. आणि त्यातला एक जुना निकाल आपल्या मुंबईचा आहे!

साल 1989. केबल नुकतीच आली होती. गल्लीतला एखादा उद्योगी माणूस व्हीसीआर आणायचा, कॅसेट लावायचा, गच्च्यांवरून तारा टाकायचा आणि घरोघरी सिनेमा दाखवून महिन्याला पैसे घ्यायचा. 'गरवारे प्लास्टिक्स अँड पॉलिएस्टर विरुद्ध टेलिलिंक' हा खटला मुंबई उच्च न्यायालयात उभा राहिला तो ह्यावरूनच. (होय, आबासाहेब गरवाऱ्यांचीच कंपनी.) केबलवाल्यांचं म्हणणं साधारण असं, की लोक आपापल्या घरात, आपापल्या टीव्हीवर बघतात, मग हे 'सार्वजनिक' कसं? कोर्टाने ते मानलं नाही. प्रेक्षक आपल्या घरात बसलेत म्हणून दाखवणं खाजगी होत नाही. एक माणूस पैसे घेऊन अनेक घरांत सिनेमा पोचवतोय, तर ते जनतेला दाखवणंच झालं, आणि त्यासाठी हक्कदाराची परवानगी हवी. पुढे 1994 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यातच स्पष्टीकरण आलं, की सॅटेलाइट किंवा केबलने एकापेक्षा जास्त घरांत एकाच वेळी पोचवलं तर ते सार्वजनिक. हॉटेलातल्या आणि होस्टेलच्या खोल्यासुद्धा त्यात आल्या.

ह्याच्या पाच वर्षं आधी अमेरिकेत नाण्याची दुसरी बाजू ठरली होती. सोनीच्या बेटामॅक्स रेकॉर्डरवर युनिव्हर्सल आणि डिस्ने ह्या स्टुडिओंनी 1976 साली खटला घातला होता. जानेवारी 1984 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 अशा काठावरच्या बहुमताने सांगितलं, की घरात कार्यक्रम टेप करून नंतर बघणं हा गुन्हा नव्हे. आपल्या कायद्यातही कलम 39 आहे. त्यानुसार स्वतःच्या खाजगी वापरासाठी प्रसारणाचं रेकॉर्डिंग केलं तर प्रसारकाच्या हक्काचा भंग होत नाही.

म्हणजे वेळ बदलायची मुभा मिळाली. आता प्रश्न जागेचा.

2005 साली अमेरिकेत स्लिंगबॉक्स नावाचा डबा बाजारात आला. क्रिकोरियन नावाच्या दोघा भावांचं हे डोकं. हा डबा घरच्या सेट टॉप बॉक्सला जोडायचा आणि इंटरनेटला लावायचा. तो चित्र कॉम्प्रेस करून तुम्ही असाल तिथे पाठवणार. शिवाय एक इन्फ्रारेडची वायर असायची, म्हणजे दुसऱ्या शहरातून रिमोट दाबला की घरच्या बॉक्सचं चॅनेल बदलणार! कल्पना अफाट होती. फक्त आपल्याकडे तेव्हाच्या ब्रॉडबँडचा अपलोड स्पीड बघता गावाकडून पुण्याला चित्राऐवजी ठिपकेच आले असते.

असो. ह्याच जातीचं सोनीचं 'लोकेशन फ्री' नावाचं यंत्र होतं. जपानमध्ये एका कंपनीने त्यावर 'मानेकी टीव्ही' हा धंदा काढला. यंत्र तुमचं, पण ठेवायचं कंपनीच्या जागेत, अँटेना कंपनीची, महिन्याला भाडं. परदेशातले जपानी लोक खूश. प्रसारकांनी खटला घातला. खालची कोर्टं म्हणाली, एक यंत्र एकाच ग्राहकाला पाठवतंय, हे सार्वजनिक नाही. जानेवारी 2011 मध्ये जपानच्या सुप्रीम कोर्टाने ते फिरवलं. अँटेनाला जोडणारी आणि यंत्र सांभाळणारी कंपनी, ग्राहक कोणीही होऊ शकतो, म्हणजे पाठवणारी कंपनीच आणि घेणारी जनताच.

आमच्यासारख्या इंजिनिअरांना गंमत वाटेल ती अमेरिकेतल्या केबलव्हिजनच्या केसची. त्यांनी रेकॉर्डर ग्राहकाच्या घरातून काढून आपल्या सर्व्हरवर नेला. हजार लोकांनी एकच कार्यक्रम रेकॉर्ड केला तर हजार वेगळ्या कॉप्या ठेवायच्या! आपल्या कोडमध्ये असं कोणी केलं तर रिव्ह्यूमध्ये धुतील. पण 2008 साली तिथल्या अपील कोर्टात हीच गोष्ट कामाला आली. प्रत्येकाची कॉपी वेगळी, ती फक्त त्यालाच जाते, म्हणून ते सार्वजनिक नाही.

हे वाचून एरिओ नावाच्या कंपनीला सुचलं, की मग अँटेनाही प्रत्येकाला वेगळा देऊ. नाण्याएवढे हजारो अँटेना लावले आणि 2012 साली न्यूयॉर्कमध्ये दुकान उघडलं. 25 जून 2014 ला सुप्रीम कोर्टाने 6 विरुद्ध 3 ने ते बंद पाडलं. आत अँटेना किती का असेनात, बाहेरून बघता तुम्ही केबलवालेच आहात, असा एकंदर सूर. वर्ष संपायच्या आत कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

अण्णांच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळची केस म्हणजे फॉक्स विरुद्ध डिश. डिशने आपल्या सेट टॉप बॉक्समध्येच स्लिंगचं तंत्र घातलं. ग्राहकाने घरच्या डब्यातलं चॅनेल फोनवर बघायचं. फॉक्स एरिओचा निकाल घेऊन कोर्टात गेली. जानेवारी 2015 मध्ये कॅलिफोर्नियातल्या फेडरल कोर्टाने म्हटलं, की इथे पाठवणारा ग्राहक स्वतः आहे, स्वतःच्या घरातल्या डब्यातून, पैसे भरलेलं चॅनेल, स्वतःकडेच. सगळे मुद्दे डिशच्या बाजूने गेले नाहीत, पण हा गेला. 2016 साली दोघांनी तडजोड केली.

म्हणजे बघा, मुंबईपासून कॅलिफोर्नियापर्यंत कोर्टं एकच गोष्ट चाचपत होती. मधे कोणी धंदा मांडून बसलाय का, की माणूस आपलंच स्वतःकडे नेतोय?

आपल्याकडे हा वाद निराळ्या वाटेने आला. 2012 च्या दुरुस्तीने कायद्यात लिहिलं गेलं, की ज्याने त्याने आपापल्या सोयीच्या वेळी आणि जागी बघितलं तरी ते जनतेला पोचवणंच. मग चॅनेलवाल्यांनीच ॲपं काढली. 2023 चा क्रिकेट वर्ल्ड कप हॉटस्टारने मोबाईलवर फुकट दाखवला. तेव्हा केबलवाल्यांची संघटना टीडीसॅट ह्या लवादाकडे गेली. टीव्हीवर ज्याचे पैसे घेता तेच फोनवर फुकट कसं, असा त्यांचा सवाल. ऑक्टोबर 2023 मध्ये लवादाने अंतरिम आदेशात प्रथमदर्शनी सांगितलं, की हे ॲप म्हणजे टीव्ही चॅनेल नव्हे.

हे वाचताना मला आमच्या गावचे केबलवाले भाऊ आठवले. बाभळीच्या फांद्या तोडून तार ओढणारे. 2 एप्रिल 2011 ला फायनलच्या दिवशी आमच्याकडे लोडशेडिंग होतं. भाऊंकडे इन्व्हर्टर होता, पण खांबावरच्या ॲम्प्लिफायरला वीज कुठून आणणार? शेवटी आम्ही ट्रॅक्टरची बॅटरी काढून जुन्या पोर्टेबल टीव्हीला लावली, अँटेना फिरवला आणि दूरदर्शनवर मुंग्यांमधून धोनीचा सिक्सर पाहिला. मोठे सामने दूरदर्शनला द्यावेच लागतील हा 2007 चा कायदा होता, म्हणून तेवढं तरी दिसलं. भाऊंचा धंदा आता बंद आहे. त्या लवादातल्या ओळी त्यांच्याबद्दलही होत्या, असं मला वाटून गेलं.

राहता राहिला स्लिंगबॉक्स. 9 नोव्हेंबर 2022 ला कंपनीने आपले सर्व्हर बंद केले. लोकांनी विकत घेतलेले, त्यांच्या स्वतःच्या घरातले, चांगले चालणारे डबे त्या दिवशी मुके झाले. डिशच्या केसमध्ये कोर्टाने पाठवणारा ग्राहकच धरला होता, पण इथे ग्राहकाचा डबा कंपनीचा सर्व्हर असेपर्यंतच बोलत होता. सर्व्हर लिहिणारा माणूस म्हणून मला हे टोचलं.

अण्णांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे डबा आपला, पण चावी त्यांच्याकडं." मग त्यांनी आईला फोन लावला. तिने गोरेगावात मालिका लावली, फोन टीव्हीसमोर धरला आणि दोघांनी व्हिडिओ कॉलवर अख्खा भाग पाहिला.

आमचा घरगुती स्लिंगबॉक्स. कोणी खटला घातलाच तर कळवीन!