फैजपूरचा शांतिठराव : जागतिक शांतिसंस्थांचे हेतू आणि फलश्रुती

भगवान महावीरांनी अहिंसेचा उपदेश केला तो प्रामुख्याने व्यक्तीच्या आत्मकल्याणासाठी. राष्ट्रांनीही आपसांतील कलह शस्त्राविना मिटवावेत आणि त्यासाठी कायमस्वरूपी संस्था उभारावी, हा विचार मात्र त्या मानाने अगदी अलीकडचा आहे. जिनिव्हा, ब्रुसेल्स, न्यूयॉर्क अशा दूरच्या नगरांची नावे या विचाराशी जोडलेली असल्याने त्याचा खानदेशाशी काय संबंध, असा प्रश्न साहजिकच पडतो. परंतु १९३६ च्या डिसेंबरात यावल तालुक्यातील फैजपूर गावी या संस्थांच्या हेतूंची आणि उपयुक्ततेची जी चिकित्सा झाली, ती आजही विचारात घेण्याजोगी आहे.

आजचा जळगाव जिल्हा त्या काळी पूर्व खानदेश आणि धुळे जिल्हा पश्चिम खानदेश म्हणून ओळखला जाई. राष्ट्रीय सभेचे पन्नासावे अधिवेशन शहरात न भरवता खेड्यात भरवावे, ही महात्मा गांधींची इच्छा. तो मान फैजपूरला मिळाला. धनाजी नाना चौधरी यांच्यासारख्या स्थानिक कार्यकर्त्यांनी आणि साने गुरुजींनी त्यासाठी अपार कष्ट उपसले. शंकरराव देव स्वागताध्यक्ष होते. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या ग्रामीण साहित्यातून टिळकनगरची सजावट केली. २७ आणि २८ डिसेंबर रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली अधिवेशन पार पडले. शेतकऱ्यांच्या प्रश्नांवरील कार्यक्रमामुळे ते आजही स्मरणात आहे. त्याच मंडपात जागतिक शांततेविषयीही एक ठराव झाला, याची आठवण मात्र क्वचितच काढली जाते.

त्या ठरावामागे त्या वर्षाच्या दुःखद घटना होत्या. पहिल्या महायुद्धाच्या संहारानंतर १९२० मध्ये राष्ट्रसंघ स्थापन झाला होता. एका सभासदावर आक्रमण झाल्यास इतरांनी त्याच्या मदतीस धावावे, हे त्याचे मूळ सूत्र. लहान कलह मिटवण्यात त्याला यशही आले. स्वीडन व फिनलंड यांच्यातील ऑलंड बेटांचा वाद १९२१ मध्ये, तर ग्रीस व बल्गेरिया यांच्यातील सीमासंघर्ष १९२५ मध्ये त्याने थांबवला. परंतु १९३५ मध्ये इटलीने ॲबिसिनियावर स्वारी केली, तेव्हा संघाने घातलेल्या व्यापारबंदीतून युद्धाला सर्वांत आवश्यक असलेले खनिज तेलच वगळण्यात आले. जून १९३६ मध्ये ॲबिसिनियाच्या पदच्युत सम्राटाने जिनिव्हात उभे राहून न्याय मागितला आणि पुढच्याच महिन्यात ती बंदीही उठवण्यात आली. भारत या संघाचा मूळ सभासद होता खरा, पण तेथे भारताच्या नावाने बसणारे प्रतिनिधी ब्रिटिश सरकारने नेमलेले असत.

अशा वेळी ब्रिटनचे लॉर्ड रॉबर्ट सेसिल आणि फ्रान्सचे पिएर कॉ यांनी आंतरराष्ट्रीय शांतता मोहीम सुरू केली. तिची विश्वशांती परिषद सप्टेंबर १९३६ मध्ये ब्रुसेल्स येथे भरली. करारांचे पावित्र्य राखावे, शस्त्रास्त्रे कमी करावीत, राष्ट्रसंघ बळकट करावा आणि युद्धास कारण होणाऱ्या परिस्थितीवर वेळीच उपाय करणारी यंत्रणा उभारावी, अशी तिची चतुःसूत्री होती. राष्ट्रीय सभेच्या वतीने तेथे व्ही. के. कृष्ण मेनन उपस्थित राहिले.

फैजपूरच्या अधिवेशनाने या परिषदेच्या हेतूंविषयी सहानुभूती व्यक्त केली आणि सहकार्याची तयारी दर्शवली. पण त्याचबरोबर एक मूलभूत हरकतही नोंदवली. एका राष्ट्राने दुसऱ्यावर सत्ता गाजवणे, हेच युद्धाचे अखंड चालणारे कारण आहे. ते दूर केल्याशिवाय केवळ आहे ती स्थिती टिकवण्याला शांतता म्हणता येणार नाही, असा त्या ठरावाचा आशय होता. जे राष्ट्र स्वतः परतंत्र आहे, त्याला करारांच्या पावित्र्याचा उपदेश अपुरा वाटावा, हे स्वाभाविकच होते.

या ठरावाची फलश्रुती काय? तत्काळ फळ काहीच नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. तीन वर्षांच्या आत दुसरे महायुद्ध भडकले. भारतीयांना विचारणाही न करता व्हाइसरॉयने भारत युद्धात उतरल्याची घोषणा केली. शांतता मोहीम युद्धाच्या वणव्यात विरून गेली आणि १९४६ मध्ये राष्ट्रसंघाचे विधिवत विसर्जन झाले. तथापि फैजपूरने घेतलेली शंका खोटी ठरली नाही. कारणांना हात न घालणारी संस्था परिणामांना आवर घालू शकत नाही, हेच त्या वर्षांनी सिद्ध केले.

१९४५ मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त राष्ट्रसंघाने पूर्वीच्या चुकांपासून काही धडे घेतले, परंतु पाच बड्या राष्ट्रांना नकाराधिकार देऊन एक मोठी पळवाटही ठेवली. बडे राष्ट्रच आक्रमक असेल तर संस्था हतबल होते, हे २०२२ मध्ये युक्रेनच्या प्रसंगी रशियाने वापरलेल्या नकाराधिकाराने पुन्हा दिसून आले. १९९४ मध्ये रवांडात भीषण नरसंहार झाला, तेव्हा तर शांतिसैनिक त्या देशात असूनही तो थांबवू शकले नाहीत.

मग या संस्था निरुपयोगी मानाव्यात काय? या प्रश्नाचे उत्तर कोरियात सापडते. तेथे युद्ध थांबले तरी मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांचा प्रश्न सुटत नव्हता. १९५३ मध्ये ते काम तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाकडे आले. जनरल थिमय्या त्याचे अध्यक्ष होते, तर कैद्यांची देखरेख करणाऱ्या भारतीय दलाचे नेतृत्व कोल्हापूरकडील मेजर जनरल शंकरराव थोरात यांच्याकडे होते. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला ओलीस धरले, तेव्हा गोळीबाराचा हुकूम न देता थोरात स्वतः त्या कुंपणाआड गेले आणि बोलणी करून त्याला सोडवून आणले. थकलेल्या दोन्ही पक्षांना मार्ग हवा होता आणि मध्यस्थावर विश्वास ठेवण्याची त्यांची तयारी होती. म्हणूनच धीराने केलेली मध्यस्थी तेथे सफल झाली.

सरकारांच्या संस्थांप्रमाणेच लोकांच्या संस्थांचीही एक परंपरा आहे आणि तिचा धागा धुळ्यापर्यंत पोहोचतो. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्याच विनोबांनी पुढे १९५७ मध्ये केरळात शांतिसेना स्थापन केली. दंगलीच्या जागी निःशस्त्र उभे राहणे आणि एरवी लोकसेवा करणे, हे शांतिसैनिकाचे व्रत होते. १९६२ च्या आरंभी बैरुत येथे जागतिक शांतिसेना स्थापन झाली, तेव्हा जयप्रकाश नारायण तिच्या नेत्यांपैकी एक होते.

त्याच वर्षी चीनचे आक्रमण झाले. मार्च १९६३ मध्ये दिल्लीहून पेकिंगकडे मैत्रीयात्रा पायी निघाली. तिचे नेते होते फैजपूरचे स्वागताध्यक्ष शंकरराव देव. वयाची अडुसष्ट वर्षे पूर्ण झालेली असताना त्यांनी हे पायी चालण्याचे व्रत घेतले. युद्धाची जखम ताजी असल्याने देशात अनेकांना ही यात्रा अवेळी वाटली. चीनने प्रवेश नाकारला. पूर्व पाकिस्तान आणि ब्रह्मदेश यांतूनही वाट मिळाली नाही. आसामपर्यंत चालून यात्रा थांबली. बाह्य फळाच्या दृष्टीने हे अपयशच होते. परंतु पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, जयप्रकाश, रेव्हरंड मायकेल स्कॉट आणि आसामचे मुख्यमंत्री बिमलप्रसाद चलिहा यांच्या शांतिमंडळाने नागा प्रदेशात शस्त्रसंधी घडवून आणला. तो चिरकाल टिकला नाही, तरी होरपळलेल्या गावांना त्याने उसंत दिली. जयप्रकाश आणि स्कॉट हे दोघेही जागतिक शांतिसेनेचेच नेते होते. पेकिंगच्या वाटेवर न आलेले यश नागा प्रदेशात आले, कारण तेथे दोन्ही पक्षांनी दार उघडले होते.

या सर्व इतिहासाचा मथितार्थ जैन विचाराला अपरिचित नाही. दुसऱ्याच्या भूमीवरील आणि संपत्तीवरील आसक्ती, म्हणजेच परिग्रह, हे हिंसेचे मूळ आहे. फैजपूरच्या ठरावाने राजकीय भाषेत तेच सांगितले. आपलेच म्हणणे पूर्ण सत्य नव्हे, ही अनेकांताची जाणीव नसेल तर मध्यस्थाला बसण्यास जागाच उरत नाही. आणि संवत्सरीला आपण जी क्षमापना करतो, तिचे बळ ती दरवर्षी न चुकता केली जाते यात आहे. शांतिसंस्थांचेही तसेच आहे. युद्ध पेटल्यावर त्यांना हाक मारणे सोपे असते. शांततेच्या काळात त्यांना अधिकार आणि निधी देणे, तसेच स्वतःच्या लोभाला मर्यादा घालणे अवघड असते. राष्ट्रांनी ते केले नाही, तर दोष केवळ संस्थेच्या माथी मारता येणार नाही.

सुवर्णमहोत्सव साजरा करणाऱ्या प्रत्येक संस्थेला हा निकष लागू पडतो. इमारती किती उभ्या राहिल्या याची मोजदाद स्मरणिकेत होतेच, आणि ती व्हावीही. परंतु भावाभावांतील, शेजाऱ्याशेजाऱ्यांतील वा पंथापंथांतील किती कलह न्यायालयाच्या पायरीपर्यंत जाण्यापूर्वी आपल्या स्थानकात, आपल्या मंदिराच्या ओसरीवर मिटले, याचीही नोंद मनोमन घेतली पाहिजे. फैजपूरचा मंडप अधिवेशन संपताच उतरवला गेला. त्या मंडपात विचारला गेलेला प्रश्न मात्र अजून उत्तराच्या प्रतीक्षेत आहे. जगाकडून त्याचे उत्तर येण्याची वाट न पाहता, आपल्या घरापासून आणि आपल्या संघापासून ते देण्यास आरंभ करणे, हीच या शुभप्रसंगी खरी धर्मप्रभावना ठरेल.