म्हातारचळ, ११० मिनिटं आणि परळ

आमच्या लोह्यात एखादी आजी रोजच्या गल्लीत वाट चुकली, नातवालाच "तू कोणाचा रे?" म्हणाली, की लोक एका शब्दात निकाल लावतात: म्हातारचळ. या शब्दामागे बऱ्याचदा एक आजार असतो. तो जिवंत माणसाच्या मेंदूत बघता यायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. आज त्याचीच गोष्ट.

१९०१ साली जर्मनीत फ्रँकफर्टच्या दवाखान्यात ५१ वर्षांची औगुस्टे डेटर भरती झाली. तिला स्वतःचं नावही नीट लिहिता येईना. डॉक्टर होते आलोइस अल्झायमर. १९०६ मध्ये ती वारली. तिच्या मेंदूचे काप मायक्रोस्कोपखाली ठेवल्यावर त्यांना पेशींच्या बाहेर साचलेला गाळ आणि आत धाग्यांचा गुंता दिसला. म्हणजे निदान झालं, पण पेशंट गेल्यावर!

पुढची कित्येक दशकं हीच अडचण होती. मग एक भारी आयडिया आली. मेंदू साखरेवर चालतो. साखरेसारख्या रेणूला किरणोत्सारी फ्लोरिन जोडायचं, शिरेतून द्यायचं आणि कुठला भाग किती साखर खातो ते बाहेरून मोजायचं. १९७६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत हे पहिल्यांदा माणसावर केलं. औषध ब्रुकहेवनला बनलं आणि विमानानं फिलाडेल्फियाला नेलं. यातूनच आजचा पेट स्कॅन घडला. अल्झायमरमध्ये मेंदूचे ठरावीक भाग कमी साखर घेताना दिसतात. २००४ मध्ये तर पिट्सबर्गच्या टीमनं तो गाळच दाखवणारं रसायन जगासमोर आणलं.

आपल्याकडे हे आलं २००२ मध्ये, मुंबईत परळला. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये देशातला पहिला पेट स्कॅनर लागला. मुख्य उपयोग कॅन्सरसाठी. सोबत सायक्लोट्रॉनही बसवला, म्हणजे हे किरणोत्सारी फ्लोरिन बनवणारं मशीन.

ते शेजारीच का लागतं? कारण हे फ्लोरिन दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. परळहून लोह्याला गाडीनं दहा तास धरा. पोचेपर्यंत त्याचा चाळिसावा भागसुद्धा उरणार नाही. म्हणजे औषध आजीकडे येऊ शकत नाही, आजीलाच मशीनकडे जावं लागतं. पुढे इतर शहरांतही सायक्लोट्रॉन आले, पण गणित तेच राहिलं.

म्हणून मला नवी रक्त तपासणी मोठी गोष्ट वाटते. त्या गाळाशी आणि गुंत्याशी जोडलेली प्रथिनं रक्तात मोजता येतात. मे २०२५ मध्ये अमेरिकेनं अशा पहिल्या तपासणीला मंजुरी दिली, तीही लक्षणं दिसणाऱ्या ५५ वर्षांपुढच्या लोकांसाठी. रक्ताची नळी गार डब्यातून लांब पाठवता येते. माणूस गावातच राहतो.

"कळून उपयोग काय?" असं कोणी विचारेल. २०२३ मध्ये मंजूर झालेलं लेकॅनेमॅब आजार बरा करत नाही, फक्त वेग थोडा कमी करतं आणि तेही सुरुवातीच्या टप्प्यात. महाग आहे, साइड इफेक्टही आहेत. पण विसरण्यामागे कधी बी-१२ ची कमतरता किंवा थायरॉइडही निघतो. त्यासाठी साधी रक्त तपासणी पुरते आणि त्यावर उपचार आहेत.

तेव्हा घरात कोणी विसरायला लागलं तर "वय झालं" म्हणून सोडू नका. आधी डॉक्टरला दाखवा. हा भाग घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या भागात!