‘ऑन द वॅगन’ : ही गाडी नेमकी कुठली?

दारू सोडलेला माणूस इंग्रजीत ‘ऑन द वॅगन’ असतो. पुन्हा पिऊ लागला की तो ‘ऑफ द वॅगन’ पडतो. ही गाडी लंडनची, असे मोठ्या खात्रीने सांगितले जाते. टायबर्नच्या वधस्तंभाकडे नेताना कैद्याला वाटेतल्या मद्यालयात शेवटचा पेला मिळे. मग तो गाडीवर चढे, तो कायमचा कोरडाच.

कथा रंगतदार खरी, पण कालगणना तिला साथ देत नाही. टायबर्नची शेवटची फाशी १७८३ सालची. हा वाक्प्रयोग छापील मजकुरात रुळतो तो शंभराहून अधिक वर्षांनी, आणि तोही अमेरिकेत. ॲलिस हेगन यांच्या ‘मिसेस विग्ज ऑफ द कॅबेज पॅच’ (१९०१) या कादंबरीतले एक पात्र व्हिस्की नाकारताना आपण ‘वॉटर-कार्ट’वर असल्याचे सांगते. वॉटर-कार्ट किंवा वॉटर-वॅगन म्हणजे शहरांतील धुळीच्या रस्त्यांवर पाणी शिंपडत फिरणारी टाकीची गाडी. तो काळ मद्यपानविरोधी चळवळीच्या जोराचा. दारूला शिवण्यापेक्षा पाण्याच्या गाडीवर जाऊन बसेन, हा त्या शपथेचा विनोदी अवतार.

पुढे ‘वॉटर’ गळून पडले, ‘वॅगन’ तेवढी टिकली. पाणी गेल्यावर गाडी कसली, हे कोणालाच उमगेना. त्या रिकाम्या जागेवर टायबर्नचा कैदी येऊन बसला.