थेरगावचा कर्णधार, अहमदाबादचा पराभव : महाराष्ट्राच्या संघाकडून किती अपेक्षा ठेवावी?

१/ २ डिसेंबर २०२२, अहमदाबाद. विजय हजारे करंडकाचा अंतिम सामना. चारच दिवसांपूर्वी एका षटकात सात षटकार ठोकणारा ऋतुराज गायकवाड महाराष्ट्राचा कर्णधार होता. करंडक मात्र सौराष्ट्राने नेला. हा पराभव कोणत्या मापाने मोजावा, याचे उत्तर आठ दशकांच्या इतिहासात सापडते.

२/ गायकवाडचे क्रिकेट घडले ते थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत. डावखुरा फिरकी गोलंदाज विकी ओस्तवालही तिथलाच. त्यामुळे पिंपरी-चिंचवडकरांसाठी हा सामना घरचाच होता. २८ नोव्हेंबरला उत्तर प्रदेशविरुद्ध नाबाद २२०, ३० नोव्हेंबरला आसामविरुद्ध १६८. कर्णधाराच्या या दोन खेळींनंतर करंडक जणू हाती आलाच, असे अनेकांनी गृहीत धरले.

३/ अंतिम सामन्यातही गायकवाडने १०८ धावा केल्या. परंतु महाराष्ट्राचा डाव ९ बाद २४८ वर थांबला. ४९व्या षटकात चिराग जानीने हॅटट्रिक साधली. तिचा तिसरा बळी ओस्तवाल. पुढे शेल्डन जॅक्सनने नाबाद १३३ धावा केल्या आणि सौराष्ट्राने पाच गडी व २१ चेंडू राखून सामना जिंकला.

४/ निराशा स्वाभाविक होती. मात्र अशा वेळी चाहत्यांच्या मनात तीन मापे नकळत काम करतात : कालची खेळी, शेजारचा संघ आणि आजोबांच्या काळातील वैभव. इतिहासाच्या कसोटीवर ही तिन्ही मापे अपुरी ठरतात.

५/ पहिले माप, कालची खेळी. त्या स्पर्धेत गायकवाडने पाच डावांत ६६० धावा केल्या, सरासरी २२०. एवढे सातत्य कोणत्याही फलंदाजाकडून गृहीत धरता येत नाही. शिवाय एका फलंदाजाचे शिखर म्हणजे संघाचे शिखर नव्हे. याचा सर्वांत मोठा दाखला पुण्यातलाच आहे.

६/ डिसेंबर १९४८. पुण्यात काठियावाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. डॉन ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा विश्वविक्रम मोडायला अवघ्या दहा धावा हव्या होत्या. महाराष्ट्र ४ बाद ८२६. उपाहाराच्या वेळी काठियावाडच्या कर्णधाराने सामना सोडून दिला आणि विक्रम तिथेच राहिला.

७/ असा फलंदाज असलेल्या संघाकडून त्या वर्षी विजेतेपदाची आशा कोण धरणार नाही? मार्च १९४९ मध्ये पुण्यातच मुंबईविरुद्ध उपांत्य सामना झाला. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४. महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. एका प्रथम श्रेणी सामन्यात एकूण २३७६ धावा, हा विक्रम आजही अबाधित आहे. महाराष्ट्राने दोन डावांत हजारावर धावा केल्या आणि तरीही ३५४ धावांनी सामना गमावला!

८/ दुसरे माप, शेजारचा संघ. एका राज्यात क्रिकेटचे तीन संघ आहेत : मुंबई, विदर्भ आणि या दोहोंखेरीज उरलेल्या प्रदेशाचा महाराष्ट्र. मुंबईची २०२४ पर्यंतची ४२ रणजी विजेतेपदे महाराष्ट्राच्या खाती जमा होत नाहीत. उलट, अनेक दशके महाराष्ट्राला पश्चिम विभागात याच मुंबईशी झुंजावे लागले.

९/ ती झुंज किती अवघड होती, हे १९७०-७१ च्या अंतिम सामन्यात दिसते. गावसकर, वाडेकर, सरदेसाई, सोलकर हे सारे भारतीय संघासोबत वेस्ट इंडीजमध्ये होते. सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली मुंबईचा उरलेला संघ उतरला आणि त्यानेही चंदू बोर्डे यांच्या महाराष्ट्राला ४८ धावांनी हरवले.

१०/ तिसरे माप, जुने वैभव. प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा सलग दोनदा रणजी करंडक जिंकला. ज्यांच्या नावाचा करंडक २०२२ मध्ये हुकला, त्या विजय हजारे यांनी पहिल्या विजेतेपदाच्या हंगामात महाराष्ट्राकडूनच नाबाद ३१६ धावा केल्या होत्या.

११/ मात्र तेव्हा स्पर्धा थेट बाद पद्धतीची होती. मोजके सामने जिंकले की करंडक हाती येई. पुढे संघ वाढले, साखळी सामने आले. १९४१ नंतर महाराष्ट्राने १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ मध्ये रणजीची अंतिम फेरी गाठली आणि तिन्ही वेळा उपविजेतेपदावर समाधान मानले.

१२/ यांतील शेवटचा हंगाम पाहावा. केदार जाधवच्या १२२३ धावा, वानखेडेवर मुंबईवर आठ गडी राखून विजय, आणि अंतिम सामन्यात कर्नाटककडून सात गडी राखून पराभव. ज्या संघाला अंतिम फेरी साधारण दोन दशकांतून एकदा लाभते, त्याच्यासाठी ते वर्ष अपयशाचे कसे म्हणावे?

१३/ अर्थात वास्तव अपेक्षा म्हणजे अल्पसंतोष नव्हे. याचे उदाहरण प्रतिस्पर्ध्याकडेच आहे. १९४८ मध्ये मैदान सोडणारा काठियावाडचा संघ पुढे सौराष्ट्र या नावाने खेळू लागला. त्याने २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ अशा तीन रणजी अंतिम लढती गमावल्या. त्यांतील दुसरी तर थेरगावपासून जवळच, गहुंजे येथे. मार्च २०२० मध्ये त्याने अखेर करंडक जिंकला.

१४/ सौराष्ट्राने शेवटच्या पायरीपर्यंत वारंवार मजल मारली. म्हणूनच एके दिवशी ती पायरीही ओलांडली. महाराष्ट्रासाठीही हेच माप न्याय्य आहे : संघ बाद फेरीत किती सातत्याने पोहोचतो? जानेवारी २०२५ मध्ये विजय हजारे करंडकाच्या उपांत्य फेरीत महाराष्ट्र विदर्भाकडून ६९ धावांनी हरला. तीन हंगामांत दुसऱ्यांदा तो अखेरच्या चार संघांत होता.

१५/ करंडकाचा हट्ट धरणाऱ्या चाहत्याला १९४१ नंतरचे बहुतेक हंगाम निराशेचेच वाटतील. सातत्य पाहणाऱ्याला मात्र २ डिसेंबर २०२२ चा पराभवही एका वाटचालीचा टप्पा म्हणून वाचता येईल. थेरगावच्या जाळ्यांत आज सराव करणाऱ्या मुलांवरही अशाच चाहत्याच्या अपेक्षेचे ओझे होणार नाही.